पहिल्या पानाचं लक्ष्मीदर्शन : डिगवर विकत घेतलेल्या मतांचं प्रकरण

मागच्या महिन्यात आमचे एक जुने क्लायंट ऑफिसला आले. मिसळीचं दुकान आहे त्यांचं, नाव लिहीत नाही, दुकान जोरात चालतं, रविवारी बाहेर नंबर लावून लोक उभे असतात, पण समोरच्या गल्लीत एका नवीन पोराने दुकान टाकलंय आणि तो इन्स्टावर यांच्या कितीतरी पुढे दिसतो, त्यामुळे दादांचं डोकं सटकलेलं. चहा घेतला, मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि सरळ विषयाला हात.

"हे बघा, लाइक विकत मिळतात म्हणे. रेट सांगा नुसता."

मी म्हटलं, "दादा, तसलं काम आपण करत नाही."

"का? पकडतात?"

आता या प्रश्नाचं उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही. म्हणून मी त्यांना डिगची गोष्ट सांगितली, तेव्हा अर्धवट सांगितली, इथे नीट लिहून काढतोय. माझा पोटापाण्याचा धंदा डिजिटल मार्केटिंगचा, आणि या धंद्यात 'मतं विकत घेणे' या विषयावर मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच आहे. जुनं आहे, २००७ चं, अमेरिकेतलं, पण मताचा रेट काय होता, किती मतं आली, त्यातली किती खरी आणि किती भाड्याची हे सगळं त्यात दिसतं, आणि एवढं सगळं एकत्र एरवी कधीच बघायला मिळत नाही कारण मतं विकत घेणारा स्वतःहून कशाला सांगेल.

डिग म्हणजे काय होतं

आता तिशीच्या आतल्या पोरांना डिग माहीतच नसणार. डिसेंबर २००४ मध्ये केव्हिन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी ही साइट सुरू केली. कल्पना साधी, वर्तमानपत्राला संपादक असतो तसा इथे कोणी नाही, कुणीही उठून एखाद्या बातमीची किंवा ब्लॉगची लिंक टाकायची, बाकीच्यांना आवडली तर त्यांनी 'डिग' करायचं, म्हणजे मत द्यायचं, आणि थोड्या वेळात पुरेशी मतं पडली की लिंक पहिल्या पानावर. नाही आवडली तर 'बरी' करायचं. डिग म्हणजे खणणं आणि बरी म्हणजे पुरणं, एकदम शेतातली भाषा. ऑगस्ट २००६ मध्ये बिझनेसवीक या अमेरिकन साप्ताहिकाने रोझला थेट कव्हरवर घेतला, या पोराने दीड वर्षात ६ कोटी डॉलर कसे कमावले अशा थाटाचा मथळा, ते पैसे अर्थात कागदावरचे होते पण हवा तर झाली.

पहिल्या पानावर येण्याला किंमत का होती तर एकदा लिंक तिथे लागली की माणसं अशी लोंढ्याने यायची की छोट्या ब्लॉगांचे सर्व्हर बसायचे. याला 'डिग इफेक्ट' असंच नाव पडलेलं. एवढे लोक आले की जाहिरातीचे पैसे, आणि त्यातल्या काहींनी आपापल्या ब्लॉगवर तुमची लिंक दिली की गुगलवर तुम्ही वर, म्हणजे आणखी लोक. थोडक्यात त्या पानावरच्या जागेला भाव होता आणि ती जागा अधिकृतपणे विकत मिळत नव्हती. मग जे होतं तेच झालं. निवडणुकीच्या आदल्या रात्री आपल्याकडे ज्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात ते तिकडे इंटरनेटवर सुरू झालं, फक्त पाकिटाऐवजी ऑनलाइन पेमेंट.

त्यातल्या दोन दुकानांची नावं लक्षात ठेवा. एक स्पाइक द व्होट, हे आपल्या भिशीसारखं, तुम्ही दुसऱ्यांच्या लिंकांना मतं द्या, त्याचे पॉइंट जमवा आणि आपली लिंक आली की ते पॉइंट तिच्यावर उधळा. याची पुढे गंमत अशी झाली की मालकाने अख्खी साइटच ईबेवर विकायला काढली आणि ज्याने घेतली त्याने ती उचलून डिगच्याच हवाली केली. दुसरं दुकान युजर सबमिटर. इथे भिशी-बिशी नाही, रोख व्यवहार. लिंक चढवायची तर २० डॉलर फी, वर प्रत्येक मताला १ डॉलर. आणि जो मत देणार त्याला ३ लिंकांना मत दिल्यावर मिळून ५० सेंट. मालकाने स्वतःचं नाव लपवलेलं.

हा रेट नीट बघा. मत देणाऱ्याला एका मताचे १६-१७ सेंट आणि गिऱ्हाईक देतंय १०० सेंट, मधले ८३ सेंट दलालाच्या खिशात. तेव्हा डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे मतदाराला साधारण ७ रुपये आणि दलालाला ३६ रुपये. आमच्या मिसळवाल्या दादांनी पूर्ण गोष्टीत सगळ्यात जास्त मान याच ठिकाणी हलवली. "मार्जिन बघा की हो!" म्हणाले. मिसळीत एवढं सुटत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं, लिंका टाकणाऱ्यांना उघड पैसे देऊ करणारा पण एक होता. जेसन कॅलाकॅनिस, तेव्हा एओएल या अमेरिकन कंपनीची नेटस्केप ही डिगसारखीच साइट बघायचा, त्याने जुलै २००६ मध्ये जाहीर सांगितलं की डिग, रेडिट असल्या साइटवर जे सगळ्यात वरचे ५० लोक लिंका टाकतात त्यांनी आमच्याकडे यावं, महिन्याला १,००० डॉलर देतो. लोक तुटून पडले त्याच्यावर, की हे फुकटात आवडीने करायचं काम आहे, तू बाजार मांडलास. मला वाटतं तो त्यातल्या त्यात प्रामाणिक होता, त्याने निदान पाटी लावून दुकान मांडलं.

गर्दीच्या फोटोंवर जमलेली गर्दी

आता मुख्य प्रकरण. अ‍ॅनली न्यूइट्झ हे वायर्ड या अमेरिकन टेक मासिकासाठी लिहिणारं नाव. पैसे टाकून डिगवर काहीही वर चढवता येतं का हे न्यूइट्झ यांना बघायचं होतं. तर एखादा साधा माणूस काय करेल, एखादा बरा लेख घेईल आणि त्याला मतं विकत घेईल. पण मग तो वर गेला तर तुम्हाला कळणार कसं की पैशाने गेला का लेख चांगला होता म्हणून गेला? म्हणून त्यांनी उलटं केलं, मुद्दाम एक टाकाऊ ब्लॉग बनवला. नाव 'माय पिक्चर्स ऑफ क्राउड्स', म्हणजे माझे गर्दीचे फोटो. त्यात खरंच गर्दीचे फोटो, आणि खाली काहीतरी असंबद्ध बरळलेलं. त्यात वाचण्यासारखं काही राहू नये याची काळजी घेतलेली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली हुशारी इथेच आहे. माल शून्य ठेवला म्हणजे जे काही होईल ते पैशाचं आणि गर्दीचं.

मग युजर सबमिटरला पैसे भरले आणि लिंक सोडली. भाडोत्री मतं पडायला लागली. आणि मग ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय, ज्यांना कुणी एक पैसा दिलेला नाही असे लोक पण मत द्यायला लागले. लिंक 'पॉप्युलर' होऊन पहिल्या पानावर लागली. एकूण १२४ मतं. आणि त्यातली निम्म्याहून जास्त फुकटची, खऱ्या माणसांनी आपणहून दिलेली. खाली २९ कमेंट आल्या, एकीचेही पैसे दिलेले नव्हते, आणि त्यातल्या १२ चांगल्या म्हणाव्या अशा. त्या ब्लॉगला! बारा माणसांना तिथे आवडण्यासारखं काहीतरी दिसलं. १ मार्च २००७ ला वायर्डवर लेख आला, मथळा सरळसोट, मी डिगवर मतं विकत घेतली.

रेट कार्ड धरून मी माझा हिशोब करून बघितला. १२४ मधली निम्म्याहून जास्त फुकटची म्हणजे पैशाची फार तर ६१. मताला १ डॉलर धरले तर ६१ अधिक फीचे २०, झाले ८१ डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेतीन हजार रुपये. एवढ्यात काहीच नसलेला ब्लॉग, ज्या साइटच्या मालकाला मासिकं कव्हरवर छापत होती तिच्या पहिल्या पानावर.

आता यात विकत घेतलेली ६० मतं ही बातमी नाहीये हो. विकत घेतलेलं मत पडणारच, पैसे दिलेत ना. बातमी आहे ती फुकटची, निदान ६३ मतं. ती कुठून आली?

पुलावरची गर्दी

पुण्यात पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरच्या पुलावर काय होतं बघितलंय का? एक जण कठड्याला टेकून खाली बघतो, मग एक स्कूटर थांबते, मग दोन कॉलेजची पोरं, आणि पाच मिनिटांत मागून येणारा माणूस नदी बघायला थांबत नाही, तो ती माणसं का थांबली हे बघायला थांबतो. त्याला विचारा काय झालंय, तो म्हणणार काहीतरी झालंय. मी स्वतः असा थांबलोय, एकदा हेल्मेट काढून चांगली दहा मिनिटं बघत होतो आणि खाली नुसतं गढूळ पाणी होतं.

डिगवर लिंकच्या डाव्या बाजूला मतांचा आकडा मोठा ठळक असायचा, आधी आकडा मग मथळा. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात वाचायच्या आधीच निकाल लागलेला. आणि हे नुसतं माझं तत्त्वज्ञान नाही, यावर पुढे व्यवस्थित प्रयोग झालाय. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर या तिघांनी एका बातम्यांच्या साइटवर १,०१,२८१ कमेंट घेतल्या आणि त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठलाही विचार न करता सुरुवातीलाच एक प्लसचं मत देऊन टाकलं, काहींना मायनस, बाकीच्यांना हात लावला नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात ते छापून आलं. ज्या कमेंटला ते एक खोटं प्लस मिळालं तिला पुढच्या पहिल्या वाचणाऱ्याकडून प्लस मिळायची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी जास्त. एका मताने! आणि मायनसवाल्यांचं काय झालं तर लोकांनी ते भरून काढलं, कुणावर उगाच अन्याय झालाय असं वाटलं की लोक हात देतात. पण कुणाला उगाच फायदा झालाय हे मात्र कुणी काढून घेत नाही. माणूस असा चांगला आहे आणि धंदा त्या चांगुलपणावर चालतो.

दुसरी बाजू मशीनची. डिगचा फॉर्म्युला गुप्त होता, पण त्याच जातीच्या रेडिटने २००८ मध्ये आपला कोड उघडा केला आणि त्यात क्रम कसा लावतात ते दिसलं. मतं थेट मोजत नाहीत, त्यांचा लॉगरिदम घेतात, शाळेत लॉग टेबल घेऊन बसायचो तोच लॉग, बेस १०. म्हणजे पहिल्या १० मतांना १ गुण, दुसरा गुण पाहिजे तर १०० मतं लागणार, तिसऱ्याला १,०००. आणि ताजेपणाला वेगळे गुण, दर ४५,००० सेकंदाला, म्हणजे साडेबारा तासाला, एक गुण. आता जोडून बघा, ज्या पोस्टला आत्ता १० मतं आहेत ती साडेबारा तास जुन्या आणि १०० मतं असलेल्या पोस्टच्या बरोबरीने उभी राहते. पहिली १० मतं ही पुढच्या ९० इतकी वजनदार. फॉर्म्युला बनवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, नवीन गोष्टीला वाव मिळावा, जुनं वरच चिकटून बसू नये. पण बाजारात याचा अर्थ असा निघतो की हजार मतं विकत घ्यायची गरजच नाही, पहिल्या अर्ध्या तासाची तेवढी घ्या.

म्हणून मी म्हणतो दलाल मतं विकत नाही. तो पुलावर उभे करायचे पहिले चार जण विकतो.

आणि त्या फुकटच्या साठ-बासष्टहून जास्त जणांना तुम्ही काय म्हणणार? लबाड? त्यांनी काहीच चुकीचं केलं नाही. त्यांचं खातं खरं, बोट खरं, मत खरं. डिगने उद्या पैसे घेणारी सगळी खाती शोधून उडवली असती तरी हे लोक उरलेच असते आणि लिंकचा आकडा पण बऱ्यापैकी उरला असता. भाड्याच्या मताने खरं मत ओढून आणलं की मग त्यातलं कुठलं कुणामुळे हे वेगळं करता येत नाही, दुधात पाणी घातल्यावर पाणी बाजूला काढा म्हटल्यासारखं.

पकडलं की नाही

दादांचा प्रश्न. तर डिगचे तेव्हाचे सीईओ जे अ‍ॅडेलसन यांचं म्हणणं असं होतं की पैसे देऊन डिगला फिरवायचे सगळे प्रयत्न फसलेत आणि पैसे घेऊन मत देणारे आम्हाला ओळखता येतात. ही बढाई मारायला कारण पण होतं, सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी फॉर्म्युला बदललेला, एकाच टोळक्यातल्या लोकांनी एकमेकांना मतं दिली तर त्याचं वजन कमी आणि वेगवेगळ्या तऱ्हेच्या लोकांनी दिली तर जास्त. तेव्हाची तक्रार अशी होती की वरचे मोजके २०-३० लोकच मिळून पहिलं पान ठरवतात. आणि न्यूइट्झ यांचा लेख यायच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारी २००७ च्या सुरुवातीला, रोझने टॉप युजरची यादीच काढून टाकली, कारण ती यादी म्हणजे कुणाला फोन लावायचा याची डिरेक्टरी झाली होती.

पण गंमत बघा, टोळकं ओळखायला टोळक्याने नेहमी एकत्र असावं लागतं. पैसे घेऊन मत देणारे एकमेकांना ओळखतच नाहीत. एक इकडचा, एक तिकडचा, दोघांची आवड वेगळी, फॉर्म्युल्याला जी 'विविधता' पाहिजे ती दलालाकडे आयती तयार.

तरी ती लिंक शेवटी पडली. वरून गायब झाली, सर्चमध्ये पण 'पुरलेल्या लिंका पण दाखवा' ही खूण केल्याशिवाय दिसेना. कुणी पाडली? सॉफ्टवेअरने नाही. लोकांनीच उघडून बघितलं, हा काय मूर्खपणा आहे म्हणाले आणि बरी दाबलं. म्हणजे ज्या गर्दीने वर नेलं त्याच गर्दीतल्या दुसऱ्या लोकांनी खाली आणलं, पण पहिल्या पानावर यायचं ते येऊन झालं होतं, वरात निघून गेल्यावर मुलगी नापसंत म्हणण्यासारखं. ज्याला तेवढ्या वेळेतल्या भेटी पाहिजे होत्या त्याचं काम झालेलं असतं.

आणि ते बरीचं बटन पण काही सोवळं नव्हतं. ऑगस्ट २०१० मध्ये 'डिग पेट्रियट्स' नावाचं टोळकं उघडं पडलं, हे लोक बाहेर एका याहू ग्रुपवर जमून ठरवायचे की आज कुठल्या उदारमतवादी लिंका पुरायच्या आणि मग सगळे मिळून पुरायचे. यात कुणाला पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता, राजकारणासाठी माणसं फुकट राबतात. त्याच महिन्यात डिगची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात बरीचं बटनच नव्हतं. लोक भडकले, त्याची बाकी पण बरीच कारणं होती, आणि सामान गुंडाळून रेडिटवर गेले. जुलै २०१२ मध्ये डिग बेटावर्क्स या कंपनीला विकली गेली, वॉल स्ट्रीट जर्नलने आकडा दिला ५ लाख डॉलरच्या आसपास. ६ कोटीचं कव्हर आठवा. डिग भाडोत्री मतांनी बुडाली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल, ती स्वतःच्या रीडिझाइनने बुडाली.

एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. वायर्ड तेव्हा काँडे नास्ट या प्रकाशन कंपनीचं, आणि काँडे नास्टने ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिट विकत घेतलेलं, म्हणजे डिगचा थेट प्रतिस्पर्धी. तेव्हा हा लेख आल्यावर भुवया उंचावल्या त्या साहजिकच. मला विचाराल तर हितसंबंध होतेच पण त्याने १२४ चा आकडा बदलत नाही. आणि रेडिटने तरी कुठल्या तोंडाने बोलायचं, त्यांच्या संस्थापकाने पुढे स्वतः सांगितलंय की सुरुवातीला साइट भरलेली दिसावी म्हणून आम्हीच खोट्या नावांनी लिंका टाकायचो. नाटकवाले पहिल्या प्रयोगाला पास वाटून खुर्च्या भरतात त्यातलाच प्रकार, फक्त पास घेऊन आलेला माणूस निदान खरा असतो.

आणि लेखानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ मे २००७ ला, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी असताना तिकडे डिगवर वेगळीच धमाल झाली. एचडी डीव्हीडीवरच्या सिनेमांचं कॉपीविरोधी कुलूप उघडायचा एक लांबलचक आकडा कुणीतरी टाकला, वकिलांची नोटीस आल्यावर डिगने तो काढायला सुरुवात केली आणि लोकांनी चिडून अख्खं पहिलं पान त्या एकाच आकड्याने भरून टाकलं. शेवटी रात्री रोझने हात टेकले, यापुढे काढणार नाही म्हणाला. एक सेंट कुणाला द्यावा लागला नाही. पैशाने साठ जण आणता येतात, रागाने हजारो येतात.

नंतरचा बाजार

ती जुनी डिग गेली पण मतं विकायचा धंदा वाढतच गेला. २०१९ मध्ये नाटोशी जोडलेल्या रिगाच्या एका संशोधन केंद्राने फक्त ३०० युरो टाकून ३,५३० कमेंट, २५,७५० लाइक, २०,००० व्ह्यू आणि ५,१०० फॉलोअर विकत घेतले, आणि चार आठवड्यांनी बघितलं तर पाचातले चार तिथेच शाबूत. २००७ मध्ये एका मताला एक डॉलर, आणि बारा वर्षांनी एका डॉलरला ढीगभर. आधी माणूस लागायचा आता मशीनची खाती. एवढं स्वस्त झाल्यावर कोण ऐकणार. डेवुमी नावाच्या अमेरिकन कंपनीचं बिंग न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१८ मध्ये फोडलं, फॉलोअर विकायचे, निदान ३५ लाख ऑटोमॅटिक खाती जवळ, त्यातल्या कित्येकांत खऱ्या लोकांची नावं-फोटो चोरून वापरलेले. त्यावर २०१९ मध्ये तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली, आणि २०२४ मध्ये तर खोटे रिव्ह्यू आणि खोटे फॉलोअर-व्ह्यू धंद्यासाठी विकणं-घेणं यावर नियमच आणला, २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी खोट्या फॉलोअरच्या रॅकेटचा तपास काढला होता, सुरुवात झाली एका गायिकेच्या तक्रारीवरून, तिच्या नावाने कुणीतरी इन्स्टावर बनावट खातं उघडलेलं. रिव्ह्यूसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० पण आहे, पण आलं तेव्हा ते पाळणं ऐच्छिक होतं, मग कोण किती पाळणार ते बघा.

आता माझंच सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतः सोवळा. माझी भाची, चार वर्षांची, नऊवारी नेसून, नाकात तिच्या तोंडापेक्षा मोठी नथ, असा फोटो ताईने कुठल्यातरी ऑनलाइन बालस्पर्धेत टाकला. तीन दिवस फॅमिली ग्रुपवर "आपल्या पिल्लूला व्होट करा" चालू, लोक हात जोडलेला इमोजी टाकायचे आणि लिंक कुणी उघडायचं नाही. पोरगी चौदावी. शेवटच्या दिवसाआधी रात्री मी ते पान उघडलं तर खाली हिरवं बटन, १०० मतं ४९ रुपयांत. म्हणजे इथे पेटी ज्याची तोच मतं विकतोय, डिगच्या वरताण. दिवसभर क्लायंटला लेक्चर देणाऱ्या मी, ताईला न सांगता ९८ रुपये भरले. पोरगी पाचवी. आणि सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर नुसता कल्ला, "अगं पाचवी आलीय!", "अजून थोडं लावा जोर!", ताईच्या ऑफिसचे, भाऊजींच्या क्रिकेटवाल्यांचे, सोलापूरच्या आत्याच्या भजनी मंडळाचे, सगळ्यांचे व्होट पडायला लागले, ज्यांनी तीन दिवस ढुंकून बघितलं नव्हतं. चौथ्या नंबरवर संपली. सर्टिफिकेट आलं पीडीएफमध्ये, त्यावर पोरीचं नाव चुकीचं. ताईने ते प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय आणि ती अजून म्हणते बघ, आपल्या लोकांनी कसं उचलून धरलं. मी काही बोललेलो नाही. आत्या हे वाचत नाही अशी आशा आहे.

तर दादांना यातलं (भाचीचं सोडून) बरंचसं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी, मध्ये एकदा गल्ल्यावरून फोन आला तो पण कट केला. मग म्हणाले, "आणि ते तुमचं बूस्ट करा बूस्ट करा म्हणता, ते कंपनीला पैसे दिलेलं चालतं?"

"त्यावर प्रायोजित लिहिलेलं असतं ना दादा. बघणाऱ्याला कळतं की पैसे दिलेत."

"हं." जरा वेळ टेबलावर बोट वाजवत बसले. "म्हणजे पहिली साठ आपण घालायची आणि पुढची साठ लोक घालतात. असंच की नाही?"

"असंच, पण शेवटी गाडलं ना त्याला."

"गाडलं कारण तो ब्लॉग भिकार होता. तुम्हीच सांगितलंत." मोबाइल उचलला, खिशात टाकला. "माझी मिसळ भिकार आहे का?"

मिसळ एक नंबर आहे हो त्यांची. यावर काय बोलावं मला अजून सुचलेलं नाही, आणि बुधवारी ते परत येतायत.